मानधन आणि मोल : जाहिरातलेखकाच्या वेतनाविषयीचा एक जुना वाद

लेखकाला त्याच्या लेखनाबद्दल जे द्रव्य द्यावयाचे त्यास आपण मराठीत ‘मानधन’ म्हणतो. सुताराला मजुरी असते, वकिलाला फी असते, पुरोहिताला दक्षिणा आणि अडत्याला अडत असते. लेखकाला मात्र मानधन. या शब्दात मान पुढे आणि धन मागे आहे, आणि व्यवहारातही पुष्कळदा तोच क्रम राहतो. मान देऊन झाल्यावर धनाचा विषय काढणे हे असभ्यपणाचे ठरते, आणि तो विषय न काढल्यामुळे पुढे जी कटुता उत्पन्न होते ती मात्र कोणासही असभ्य वाटत नाही. या कटुतेचा प्रत्यक्ष अनुभव आला नसता तर मी हा लेख लिहावयास बसलो नसतो.

आमच्या शाळेच्या शतकमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना देणगीचे आवाहन करणारी एक पुस्तिका काढावयाची होती. ती लिहिण्याचे काम आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला सांगण्यात आले. हा तरुण कोणत्याही कंपनीच्या नोकरीत नसून स्वतंत्रपणे जाहिरातींचा मजकूर लिहून देतो आणि त्यावरच त्याचा संसार चालतो. पैशांविषयी मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, तुम्हीच ठरवा काय ते.” मी म्हणालो, “अरे, योग्य ते मानधन देऊ.” करार झाला तो एवढाच. त्याने दोन महिन्यांत चोवीस पानांचा मजकूर तीन वेळा लिहून दिला. समितीला तो पसंत पडला नाही. ‘शाळेचा आत्मा यात नाही’ असे एका सभासदांचे मत पडले, आणि एका निवृत्त शिक्षकांनी दुसरी पुस्तिका लिहून दिली. तरुणाने अठरा हजार रुपयांचे बिल पाठविले. समितीच्या मनात शाल, श्रीफळ आणि दोन हजार रुपये इतकेच होते. जे छापलेच नाही त्याचे पैसे कशाचे, हा समितीचा प्रश्न. आणि मी जे दोन महिने दिले ते कुठे गेले, हा त्याचा. या दोन प्रश्नांपैकी खरा प्रश्न कोणता, याचा विचार करीत असता अमेरिकेतील एका जुन्या वादाची हकीकत मला पुन्हा वाचावीशी वाटली. ती येथे थोड्या विस्ताराने सांगतो.

तत्पूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लेखनाचे मोल ठरविण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. ‘लेखक’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी लहिया, म्हणजे पोथीची नक्कल करणारा, असा होता. आणि पोथीच्या मजकुराची मोजणी बत्तीस अक्षरांच्या एककाने होत असे, ज्याला ‘ग्रंथ’ म्हणत. पोथीच्या शेवटी जी ग्रंथसंख्या दिलेली आढळते ती केवळ पांडित्याची हौस नव्हे. त्या मापाने मजकूर पुरा उतरला की नाही हे पाहता येई, आणि लहियाच्या श्रमाचा हिशेबही त्यानेच करता येई. आज शब्दाला इतके पैसे या दराने जे लिहितात त्यांचा हिशेब तत्त्वतः याहून निराळा नाही. परंतु हे माप नक्कल करणाऱ्यापुरतेच खरे आहे. अक्षरे अगोदरच सिद्ध असतात, ती उतरून काढावयाची एवढेच काम असते, तेव्हा अक्षरे मोजली की श्रम मोजले जातात. जो नवा मजकूर सिद्ध करतो त्याचे काय मोजावयाचे? अक्षरे, दिवस, की त्या मजकुराने जे घडून येते ते? जाहिरातलेखकाच्या बाबतीत हा प्रश्न फार तीव्र होतो, कारण त्याच्या मजकुराने काय घडून आले ते दुकानाच्या गल्ल्यात दिसते, किंवा निदान दिसते असे लोक समजतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत जाहिरातीचा धंदा उदयास आला तो लेखनाचा धंदा म्हणून नव्हे, तर अडतीचा धंदा म्हणून. फिलाडेल्फियात १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत व्होल्नी पामर नावाच्या गृहस्थाने जाहिराती मिळवून त्या वृत्तपत्रांना पुरविण्याचे दुकान काढले. त्याला अडत देत ती वृत्तपत्रे; व्यापाऱ्याने भरलेल्या पैशांतूनच ती कापली जाई. मजकूर काय असावा याच्याशी अडत्याला कर्तव्य नव्हते. तो व्यापाऱ्याने स्वतः लिहावा, नाहीतर कारकुनाकडून लिहवून घ्यावा. पुढे जॉर्ज रोवेलने वर्तमानपत्रांतील जागा घाऊक भावाने घेऊन किरकोळीने विकण्याची पद्धत पाडली. फिलाडेल्फियाच्याच एन. डब्ल्यू. एयर आणि सन या पेढीने १८७०–८० च्या दशकात व्यापाऱ्याशी उघड करार करून, वृत्तपत्राचा खरा दर त्याला दाखवून, वर ठराविक टक्केवारी घेण्यास आरंभ केला. हा शेवटचा बदल नैतिक दृष्ट्या मोठा होता यात संशय नाही. परंतु या साऱ्या व्यवस्थेत पैसे मिळत होते ते जागेचे. शब्द फुकट होते. लेखकाच्या मोबदल्याचा गोंधळ पुढे शंभर वर्षे टिकला त्याचे मूळ, माझ्या मते, येथेच आहे.

ज्या गृहस्थाने शब्दांचे स्वतंत्र मोल वसूल करून दाखविले त्याचे नाव जॉन ई. पॉवर्स (१८३७–१९१९). फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध दुकानदार जॉन वॉनामेकर याने १८८० मध्ये त्याला आपल्या दुकानाच्या जाहिराती लिहिण्यासाठी नेमले. त्यापूर्वी पॉवर्सने विम्याचे काम केले होते आणि इंग्लंडात जाऊन शिवणयंत्रेही विकली होती. रोज एक जाहिरात लिहावयाची, हे त्याचे काम. त्याची रीत अशी की, दुकानात हिंडून माल स्वतः पाहावा, विभागप्रमुखांना नको ते प्रश्न विचारावेत, आणि मग साध्या टाइपात, कोणतेही चित्र न घालता, जे खरे आहे तेवढेच लिहावे. गळपट्ट्यांविषयी त्याने लिहिले की हे दिसतात तितके चांगले नाहीत, पण पंचवीस सेंटांना पुरेसे चांगले आहेत. रबरी पावसाळी अंगरख्यांचा साठा सडू लागला असे विभागप्रमुखाने त्याला खाजगीत सांगितले, तर त्याने दुसऱ्या दिवशी तेच छापून टाकले, आणि दुपारपर्यंत सगळा माल उठला, अशी कथा सांगतात. कथेतील अतिशयोक्ती सोडून दिली तरी तिच्या मुळाशी असलेली कामाची अट ध्यानात घेण्यासारखी आहे. पॉवर्सचे म्हणणे असे की, जाहिरातीत सत्य सांगितले पाहिजे, आणि सत्य सांगण्याजोगे नसेल तर ते सांगण्याजोगे होईपर्यंत दुकान सुधारले पाहिजे. म्हणजे लेखकाने कामावर येताना मालकावरच अट घातली! वॉनामेकरचे आणि त्याचे पटेना यात नवल नाही. १८८३ मध्ये मालकाने त्याला काढले, पुढच्या वर्षी परत बोलाविले, आणि १८८६ मध्ये पुन्हा काढले.

नोकरी सुटल्यावर पॉवर्सने दुसरी नोकरी धरली नाही. व्हार्निशचे कारखानदार, दिव्यांच्या काचा करणारे, औषधवाले, ज्याला गरज असेल त्याचे काम तो घेई, आणि या काळात दिवसाला शंभर डॉलर ही त्याची कमाई सांगितली जाते. स्वतंत्र व्यवसाय करणारा जाहिरातलेखक म्हणून ज्यांची नावे प्रथम घेतली जातात त्यांत तो अग्रभागी आहे. मोबदला दिवसाच्या मापाने मोजला की काय होते पहा. मजकूर चांगला उतरो वा वाईट, दिवस गेला तो गेला. जोखीम सगळी काम देणाऱ्याकडे. आपण वैद्याच्या किंवा वकिलाच्या बाबतीत हे निमूटपणे मान्य करतो. खटला हरला म्हणून वकिलाची फी बुडत नाही. लेखकाच्या बाबतीत मात्र ते आपल्या गळी उतरत नाही. कारण लिहिता आपल्यालाही येते, अशी आपली समजूत असते.

आता तो वाद. मिशिगन संस्थानातील ग्रँड रॅपिड्स या गावी बिसेल नावाची कंपनी गालिचे झाडण्याची हातयंत्रे करीत असे. १८७६ मध्ये मेल्व्हिल बिसेलने या यंत्राचे पेटंट घेतले होते. या कंपनीने आपल्या यंत्राची माहितीपुस्तिका पॉवर्सकडून लिहवून घेतली. कंपनीत त्या वेळी क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२) नावाचा एक तरुण हिशेबनीस होता. वॉनामेकरकडे पॉवर्सला वर्षाला १२,००० डॉलर मिळत असत, असा आकडा पुढे हॉपकिन्सनेच दिला आहे. तो आकडा त्या हिशेबनिसाच्या डोळ्यांपुढे किती मोठा दिसला असेल याची कल्पना करावी. पुस्तिका त्याच्या मेजावर आली. ती वाचून तो व्यवस्थापकांकडे गेला आणि म्हणाला की, हिने एकही यंत्र विकले जाणार नाही. मला तीन दिवस द्या, मी दुसरी लिहून दाखवितो. व्यवस्थापक हसले, पण हो म्हणाले. दोन रात्री न झोपता त्याने पुस्तिका लिहिली, आणि ती वाचल्यावर कंपनीने पॉवर्सची पुस्तिका नाकारली. पॉवर्सने आपल्या फीसाठी दावा लावला. कंपनी हॉपकिन्सची पुस्तिका पुढे करून लढली, आणि दावा जिंकली.

ही हकीकत हॉपकिन्सने १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात दिली आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे चार दशकांनी, आणि ज्याचे भाग्य त्या दाव्याने उजळले त्याच्याच मुखाने. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती या जाणिवेने वाचली पाहिजे. तरीही हॉपकिन्सने पॉवर्सवर जो आरोप ठेवला तो विचार करण्याजोगा आहे. पॉवर्सची भाषा वाईट होती, असे तो म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे की, पॉवर्सला या यंत्राची माहिती नव्हती, या धंद्यातील अडचणी त्याने पाहिल्या नव्हत्या, आणि घर झाडणाऱ्या स्त्रीला असे यंत्र का हवेसे वाटावे याचा त्याने क्षणभरही विचार केला नव्हता. वॉनामेकरच्या दुकानात रोज हिंडणारा, सडका माल शोधून काढणारा हाच तो पॉवर्स. बाहेरून काम घेताच त्याची दृष्टी नाहीशी झाली काय? तसे म्हणता येणार नाही. त्याची दृष्टी दुकानात हिंडण्याने आलेली होती. ग्रँड रॅपिड्सला त्याने किती दिवस काढावेत, कारखाना कोणी दाखवावा, विक्रेत्यांशी त्याची गाठ कोणी घालून द्यावी, या गोष्टी ठरलेल्या असत्या तर पुस्तिकेचे रूप निराळे होण्याचा संभव होता. उलट हॉपकिन्सला ही सर्व माहिती नोकरीच्या ओघात, पगाराच्या पोटात मिळालेली होती. दोन पुस्तिकांची तुलना झाली ती दोन लेखण्यांची नव्हतीच. एकाजवळ शिदोरी होती आणि दुसऱ्याजवळ नव्हती.

माझ्या दृष्टीने या वादाचे मर्म याहूनही निराळे आहे. पॉवर्स आपले दिवस विकत होता आणि कंपनी पसंतीस उतरणारा मजकूर विकत घेत होती. वस्तू दोन, किंमत एक! पसंत न पडल्यास काय, हा प्रश्न अगोदर विचारलेला असता तर न्यायालयापर्यंत जाण्याचे कारण पडले नसते. एवढ्या नामांकित लेखकाला तो विचारणे कंपनीस संकोचाचे वाटले असेल. आणि एवढ्या नामांकित लेखकाने तो स्वतः उपस्थित करणे त्याला कमीपणाचे वाटले असेल. मानधन हा शब्द अमेरिकेत नाही, पण ती वृत्ती तेथेही असावी असे दिसते.

ज्याने पॉवर्सला हरविले त्या हॉपकिन्सला पुढे मोबदल्याचे जे निरनिराळे प्रकार लाभले, त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. बिसेलमध्ये असताना नाताळची भेट म्हणून झाडण्याचे यंत्र द्यावे, ही कल्पना त्याने काढली. व्यापाऱ्यांना सुमारे ५,००० पत्रे धाडली आणि १,००० मागण्या आणल्या. पगार मात्र हिशेबनिसाचा. पुढे शिकागोत लिक्वोझोन नावाच्या एका ‘जंतुनाशक’ औषधाच्या धंद्यात त्याने पगाराऐवजी भागीदारी घेतली, आणि काही वर्षांत तो धनवान झाला. वरवर पाहता हा मोबदल्याचा सर्वांत न्याय्य प्रकार वाटतो. मजकुराने माल खपला तर लेखकाला वाटा, न खपला तर नाही. परंतु १९०५ मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने कॉलियर्स साप्ताहिकातून पेटंट औषधांवर लेखमाला लिहिली, तीत हे लिक्वोझोन म्हणजे पाण्यात किंचित गंधकी आम्ले मिसळलेले द्रावण असल्याचे उघड केले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत अन्न व औषधे यांच्या शुद्धतेचा कायदा झाला. सत्य सांगण्याजोगे नसेल तर दुकान सुधारा, असे पॉवर्स म्हणे. दिवसाचे पैसे घेणाऱ्याला असे म्हणता येते. ज्याचा खपातच वाटा आहे त्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावे?

यानंतर १९०७ च्या सुमारास लॉर्ड अँड टॉमस या जाहिरात-एजन्सीचा ॲल्बर्ट लास्कर हॉपकिन्सकडे आला. व्हॅन कँप या कंपनीच्या डबाबंद घेवड्याच्या जाहिरातींचे ४,००,००० डॉलरांचे काम लास्करला मिळत होते, पण मजकूर पसंत पडला तरच. त्याने हॉपकिन्सला सांगितले की, मला तीन जाहिराती लिहून द्या. तुमच्या पत्नीने मिशिगन अव्हेन्यूवरच्या दुकानांतून हवी ती मोटार निवडावी आणि बिल माझ्या नावे लावावे. अशी ही फी! काही काळाने तो त्या एजन्सीत आठवड्याला १,००० डॉलरांवर गेला, आणि पुढे एका वर्षी १,८५,००० डॉलर मिळविल्याचे त्याने नमूद केले आहे. पण हे पैसे आले कोठून? वृत्तपत्रे एजन्सीला जी पंधरा टक्के अडत देत, त्या अडतीतून. लेखक कितीही श्रीमंत झाला तरी त्याच्या शब्दांचे मोल अद्याप जागेच्या भाड्यात लपलेलेच होते.

ही पंधरा टक्क्यांची रूढी आपल्याकडेही आली. १९०५ मध्ये मुंबईस गिरगावात निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही भारतीयांनी काढलेल्या सर्वांत जुन्या एजन्सींपैकी एक समजली जाते. आणि वृत्तपत्रांच्या संस्थेने मान्यता दिलेल्या एजन्सीला वृत्तपत्राकडून पंधरा टक्के, ही पद्धत आपल्या देशात दीर्घकाळ चालत आलेली आहे. अमेरिकेत सरकारने १९५५ मध्ये या ठराविक टक्केवारीविरुद्ध खटला भरला, १९५६ मध्ये संबंधित संस्थांनी ती सक्तीची ठेवणार नाही असे मान्य केले, आणि १९६० मध्ये डेव्हिड ओगिल्व्हीने शेल या तेल कंपनीचे काम ठरलेल्या फीवर घेतले. पामरच्या दुकानापासून तेथवर जवळजवळ एकशेवीस वर्षे गेली होती.

आपल्या तरुणाच्या बाबतीत अडत नव्हती, एजन्सी नव्हती. होतो तो मी, आणि माझे ‘योग्य ते मानधन’. समितीची बैठक पुन्हा झाली तेव्हा मी पॉवर्सच्या दाव्याची हकीकत सांगितली. एका सभासदांनी लगेच म्हटले, “म्हणजे न्यायालयानेही कंपनीच्याच बाजूने निकाल दिला ना, सर?” दाखला देणाराच दाखल्याने बांधला जातो, तो असा. मी त्यांना म्हणालो की, दावा कंपनीने जिंकला हे खरे. परंतु पॉवर्सचे एकही वाक्य आपल्या पुस्तिकेत घेऊन तिने तो जिंकला, असे कोठे लिहिलेले नाही. आणि मग जे एवढे दिवस मनात होते ते सांगून टाकले. आमच्या छापलेल्या पुस्तिकेतील आरंभीचे तीन परिच्छेद, ज्यांची माजी विद्यार्थ्यांच्या पत्रांत विशेष वाखाणणी झाली, ते निवृत्त गुरुजींचे नव्हते. मुद्रिते तपासताना ते माझ्या ध्यानात आले होते, आणि चांगले आहेत म्हणून मी ते राहू दिले होते.

याचा कायद्यातील अर्थ मी नंतर एका वकील स्नेह्यांकडून समजून घेतला. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या मजकुराचा प्रथम स्वामी मालक असतो. परंतु बाहेरच्या लेखकाकडून काम सांगून लिहवून घेतलेल्या मजकुराचा स्वामी, तसा काही करार नसल्यास, तो लेखकच राहतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. आणि लेखात मुदत घातलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हॉपकिन्स बिसेलचा नोकर होता, म्हणून त्याची पुस्तिका आमच्या कायद्यानेही कंपनीचीच ठरली असती. आमचा तरुण नोकर नव्हता. आमच्याजवळ त्याच्या सहीचा कागद नव्हता. म्हणजे ते तीन परिच्छेद अजूनही त्याचेच आहेत.

समितीने बारा हजार रुपये मंजूर केले. मी त्याला बोलावून चेक दिला, आणि त्याबरोबर एक कागदही पुढे ठेवला : दुसऱ्या आवृत्तीत ते परिच्छेद छापावयाचे झाल्यास किती पैसे, किती वर्षांसाठी, आणि त्याचे नाव कोठे घालावयाचे, या तीन जागा मी मोकळ्या ठेवल्या होत्या. तो म्हणाला, “सर, तुम्हीच भरा.” मी लेखणी त्याच्याकडे सरकविली. कागद तो घरी घेऊन गेला आहे.